दोनशे चौदावा शब्द

२ मार्च, सोमवार

यू-एम-पीचं काम आज संपलं. दोनशे तेरा शब्द झाले. ज्या इंग्रजी शब्दांच्या पोटात यू, एम आणि पी ही तीन अक्षरं याच क्रमाने शेजारी शेजारी बसली आहेत, ते सगळे सात महिने वेचून काढले आणि प्रत्येकासमोर मराठीत अर्थ लिहिला. जंप म्हणजे उडी. लंप म्हणजे ढेकूळ. प्लंप म्हणजे गुबगुबीत. ग्रंपी म्हणजे सकाळचा चहा होईपर्यंत ज्याच्या वाटेला जाऊ नये असा. ट्रंपेट, पंपकिन, अंपायर, झालंच तर ट्रायंफ, म्हणजे विजय. तो माझ्या वाट्याला फारसा येत नाही, पण यादीत आहे. शेवटी सगळे एका दमात मोठ्याने वाचून पाहिले. बंप, थंप, डंप, स्टंप, क्लंप.

ताईने स्वयंपाकघरातून विचारलं, "बाळ्या, जिन्यावरून पडलास का?"

मी त्रेसष्ट वर्षांचा आहे. छत्तीस वर्षं मुद्रितं तपासली, इतरांच्या चुकांवर लाल खुणा केल्या. पण ताईला मी अजून बाळ्याच. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, निवृत्त हेडनर्स, आणि आई गेल्यापासून घरात तिचाच शब्द चालतो.

४ मार्च, बुधवार

छापखान्यात जाऊन आलो. पुस्तिका पुढच्या आठवड्यात मिळेल. आमच्या मंडळाची वार्षिक स्पर्धा तोंडावर आली आहे. दर रविवारी ग्रंथालयाच्या माडीवर आम्ही जमतो आणि अक्षरांच्या सोंगट्या पटावर मांडून इंग्रजी शब्द जुळवतो. समोरच्याचा शब्द खोटा वाटला तर हरकत घ्यायची. मग ग्रंथपालबाई कोश उघडतात. शब्द सापडला नाही तर मांडणाऱ्याने सोंगट्या उचलायच्या आणि पाळी गमवायची. सापडला तर हरकत घेणाऱ्याची पाळी गेली. म्हणून अशा याद्या पाठ असलेल्या बऱ्या.

छापखानेवाल्याला मी माझं जुनं दुखणं सांगितलं. माझी दोन अक्षरी शब्दांची पुस्तिका चौकातल्या स्टेशनरीवाल्याने जशीच्या तशी उचलली आणि स्वतःच्या नावाने विकायला ठेवली. विचारलं तर म्हणाला, "काका, शब्द काय तुमच्या घरचे आहेत का?"

छापखानेवाला म्हणाला, "एक शब्द घरचा घाला की मग. नकाशे काढणारे नसलेली गल्ली काढतात, तसं. त्याने तो उचलला की धरा मानगूट."

माणूस कमी शिकलेला आहे, पण डोकं चालतं.

५ मार्च, गुरुवार

शब्द तयार झाला. व्हंपल. व्ही, यू, एम, पी, एल, ई. अर्थ: पुस्तकांच्या वजनाने मधोमध वाकलेली फळी. पान एकोणीस, वरून चौथा. दोन खऱ्या शब्दांच्या मध्ये असा काही बसलाय की जन्मापासून तिथेच असावा. छत्तीस वर्षं चुका काढल्या, आयुष्यात पहिल्यांदा एक घातली आणि सांगायला लाज वाटते, पण फार मजा आली.

कोणाला सांगायचं नाही. ताईलाही नाही. तिच्या पोटात गोष्ट राहते, पण चेहऱ्यावर राहत नाही.

११ मार्च, बुधवार

पुस्तिका आली. निळं कव्हर, आत माझं नाव. पहिली प्रत ताईला दिली. तिने चष्मा पुसला, ग्रंथालयातून आणलेला जाडा कोश मांडीवर घेतला आणि पेन्सिल हातात धरून पहिल्या पानापासून बसली. बाटलीवरची चिठ्ठी तीनदा वाचल्याशिवाय रोग्याला औषध द्यायचं नाही, ही तिची जुनी सवय. संध्याकाळपर्यंत ती एकोणिसाव्या पानावर पोहोचली. तिथे पेन्सिल बराच वेळ थांबली. डुलकी लागली असावी, वय झालंय आता तिचं.

जेवताना तिने विचारलं, "व्हंपल कुठे सापडला रे तुला?"

"मोठ्या कोशात."

"किती मोठ्या?"

"आहे एक. ग्रंथालयात कुलपात असतो."

"हो का," ती म्हणाली आणि मला आणखी एक पोळी वाढली. तिला पटलं.

१५ मार्च, रविवार

मंडळात चाळीस प्रती गेल्या. टेलरबाईंना पुस्तिका फारच आवडली. आमच्या घरासमोर त्यांचं शिवणाचं दुकान आहे. इंग्रजी त्या पंचेचाळिसाव्या वर्षी शिकायला लागल्या, ताईच्या नादाने. शिवणाच्या मशीनसमोरच्या भिंतीवर शब्दांची पानं टाचण्यांनी लावतात आणि टीप घालता घालता पाठ करतात. मला म्हणाल्या, "काका, कोशात शब्द शोधायचा तर मला स्पेलिंगपासून भीती वाटते. तुमच्या पुस्तकाचं तसं नाही. डोळे मिटून पाठ करायचं."

फार समाधान वाटलं. मग पान एकोणीस आठवलं आणि समाधान जरा कमी झालं. पण दोनशे चौदांतला एक शब्द. तो नेमका खेळात मांडायला सहा सोंगट्या हव्यात. असं कुठे होतं?

२२ मार्च, रविवार

पहिल्या दोन फेऱ्या जिंकलो. ताईही जिंकली, तिचं काय नवल. उपांत्य फेरीत माझ्यासमोर टेलरबाई आहेत. नवशिक्या आहेत बिचाऱ्या. हा सामना म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

२९ मार्च, रविवार

जिंकलो. अंतिम फेरीत पोहोचलो.

एवढंच लिहून वही मिटणार होतो, पण झालं ते लिहितो. टेलरबाई नवशिक्या राहिलेल्या नाहीत. शेवटच्या चार पाळ्या उरल्या तेव्हा त्या माझ्यापुढे पंधरा गुणांनी होत्या. मग त्यांनी एकेक करून सहा सोंगट्या मांडल्या. व्ही, यू, एम, पी, एल, ई. मांडून झाल्यावर माझ्याकडे पाहून हसल्या. गुरुजींना पाठ म्हणून दाखवल्यावर मुली हसतात, तशा.

मी हरकत घेतली.

नियमात बसतं. शब्द कोशात नाही हे मला माहीत होतं आणि हरकत घ्यायचा हक्क समोरच्याला असतोच. ग्रंथपालबाईंनी कोश उघडला, बोट वरून खाली नेलं आणि मान हलवली. पुस्तिका कोणी आणली नव्हती, सामन्यात याद्या जवळ ठेवायला बंदी आहे. टेलरबाईंनी सोंगट्या उचलल्या आणि म्हणाल्या, "माझंच पाठांतर कच्चं." त्यानंतर त्यांचा हात जमला नाही. सात गुणांनी हरल्या.

ताई शेजारच्या पटावर खेळत होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःचा सामना जिंकला. घरी येताना एक शब्द बोलली नाही. दमली असेल.

मी टेलरबाईंना नंतर सांगणार आहे. स्पर्धा संपली की स्टेशनरीवाल्याला रंगेहाथ पकडेन, मग सगळ्यांना सगळं सांगता येईल. आत्ता सांगितलं तर सापळा फुकट जाईल.

३१ मार्च, मंगळवार

टेलरबाई ताईच्या खोलीत पडद्यांची मापं घ्यायला आल्या होत्या. दार लोटून दोघी तासभर बसल्या. एका खिडकीला तासभर लागतो हे मला ठाऊक नव्हतं. मधे एकदा ताई मोठ्याने म्हणाली, "नाही, तू काही बोलू नकोस. त्याचं त्याला बोलू दे." कापडवाल्याच्या दराबद्दल चाललं असावं.

जाताना टेलरबाई माझ्यापाशी थांबल्या. "काका, व्हंपल म्हणजे काय हो? परत एकदा सांगता?"

"वाकलेली फळी," मी म्हणालो.

"पुस्तकांच्या वजनाने?"

"पुस्तकांच्या."

"कापडाच्या ठाणांनी वाकली तर चालेल का? माझ्या दुकानात आहे तशी एक."

चालेल, असं मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? त्यांनी अजून पुस्तिका उघडून पडताळलेलं दिसत नाही, नाहीतर भांडल्या असत्या. सुटलो.

२ एप्रिल, गुरुवार

ताईला या शब्दाने झपाटलंय. सकाळी म्हणाली, "बाळ्या, कपाटाला व्हंपल आलंय, दोन कोश खाली काढ." दुपारी माझ्या पाठीकडे बघून म्हणाली, "ताठ बस, तुझा व्हंपल होतोय." शब्द लोकांच्या तोंडी रुळतोय याचा एरवी मला आनंद झाला असता.

४ एप्रिल, शनिवार

आज स्टेशनरीवाल्याच्या दुकानात त्याची नवी पुस्तिका दिसली. हिरवं कव्हर, आत माझीच पानं. माझ्याच अर्थांतले माझेच विनोद. ग्रंपीसमोर सकाळचा चहासुद्धा तसाच. पान एकोणीस काढलं.

व्हंपल नाही.

दोनशे तेरा शब्द आहेत, हाच नाही. मी विचारलं, "एक शब्द गाळलात?"

तो म्हणाला, "कुठल्याच कोशात सापडला नाही काका. लोकांना चुकीचं कसं विकायचं?"

दुकानाच्या पायरीवर बसावंसं वाटलं, पण तिथे त्याने वह्यांचे गठ्ठे ठेवले होते, म्हणून उभाच राहिलो. चोरसुद्धा माझ्यापेक्षा तपासून छापतो. उंदरासाठी पिंजरा लावला, उंदीर खोबरं खाऊन बाहेर पडला आणि अडकलं कोण, तर माझ्यावर विश्वास ठेवून डोळे मिटून पाठ करणारी बाई. आणि पिंजऱ्याचं दार मी स्वतःच्या हाताने लावलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आई म्हणायची ते बहुधा मलाच उद्देशून.

७ एप्रिल, मंगळवार

टेलरबाईंच्या दुकानात सांगायला गेलो होतो. मशीनसमोर पान एकोणीस टाचलेलं होतं. म्हणजे रोज डोळ्यांसमोर आहे. मग त्या भांडल्या का नाहीत? माझ्या तोंडाला कुलूप लागलं. शर्टाचं बटण लावून घेतलं आणि परत आलो. बटण तुटलेलं नव्हतं. जिन्यात मीच तोडलं होतं, जायला काही निमित्त हवं म्हणून.

ताईने बटण पाहिलं. "बोललास का तिच्याशी?"

"कशाबद्दल?"

"बटणाबद्दल."

"हो."

"हो का," ती म्हणाली.

लहानपणी माझ्या हातून काही फुटलं की मी तुकडे कपाटामागे लपवायचो. ताईला ते सापडायचे. पण तिने कधी आईला सांगितलं नाही, आणि कधी मलाही विचारलं नाही. फक्त त्या कपाटाजवळून रोज दहा वेळा जायची, मी सांगेपर्यंत. तिचं ते जाणं मला माराहून अवघड वाटायचं. का कोणास ठाऊक, आज ते आठवलं.

१२ एप्रिल, रविवार

नीट लिहितो. गाळून लिहायची सवय आता पुरे.

अंतिम सामना. माझ्यासमोर ताई. चार वर्षांत मी तिच्याकडून एकेचाळीस वेळा हरलोय, एकदाही जिंकलो नाही. माडी भरली होती. पहिल्या रांगेत टेलरबाई, मांडीवर माझी निळी पुस्तिका. आज त्या खेळणार नव्हत्या, त्यांना आणायला बंदी नव्हती.

मी उत्तम खेळलो. पिशवीतल्या सोंगट्या संपल्या तेव्हा मी एकोणीस गुणांनी पुढे होतो. माझ्याकडे दोन सोंगट्या, ताईकडे सहा. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि एक एक सोंगटी शांतपणे पटावर ठेवली, सलाइनचे थेंब मोजत असल्यासारखी. व्ही. यू. एम. तिसऱ्या सोंगटीलाच माझ्या लक्षात आलं. एकोणचाळीस गुण.

माडीवर दोघेतिघे कुजबुजले, "आहे, आहे, पुस्तिकेत आहे."

गप्प बसलो तर वीस गुणांनी हरणार, पण नाव शाबूत. नाहीतरी एकेचाळीसची बेचाळीस व्हायची. हरकत घेतली तर जन्मात पहिल्यांदा ताईला हरवणार, पण मग पुस्तिकेत तो शब्द कसा आला हे सांगावं लागणार. तिसरी वाटही सुचली, खोटं का बोलू? छापखान्याची चूक, असं म्हणायचं. छापखानेवाला खेळायला येत नाही. छत्तीस वर्षं लोक हेच म्हणत माझ्यासमोर आले.

ताई पटाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. आणि तेव्हा, महिन्याभराने, माझ्या डोक्यात उजेड पडला. तिला माहीत होतं. ती रोज दहा वेळा कपाटाजवळून जात होती. खिडकीला तासभर लागत नाही. टेलरबाईंनाही माहीत होतं, आणि दोघी माझीच वाट बघत होत्या.

"हरकत," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की ग्रंथपालबाईंनी पुन्हा विचारलं.

त्यांनी कोश उघडला. "नाही यात. पण तुमच्या पुस्तिकेत आहे ना?"

"तो मी बनवलाय," मी म्हणालो. "चोर पकडायला. चोर पकडला गेला नाही. उपांत्य सामन्यात टेलरबाईंनी माझ्यावर विश्वास ठेवून तो मांडला आणि मी, मला सगळं ठाऊक असताना, हरकत घेऊन त्यांना पाडलं. त्या सामन्यात पाठांतर त्यांचं कच्चं नव्हतं."

खाली वाचनालयात कोणीतरी वर्तमानपत्राचं पान उलटल्याचं ऐकू आलं. मला फार लाज वाटली आणि तितकंच हलकंही वाटलं. दोन्ही एकदम वाटू शकतं हे मला माहीत नव्हतं.

ग्रंथपालबाई कडक आहेत. म्हणाल्या, "मग तो उपांत्य सामना धरता येणार नाही. पुढच्या रविवारी पुन्हा खेळा."

"आणि आजचा? मी जिंकलोय."

"कुठला आजचा? तुम्ही अंतिम फेरीत आलाच नाहीत अजून."

म्हणजे ताईवरचा माझा एकमेव विजय उण्यापुऱ्या दोन मिनिटांचा. ताई सोंगट्या पिशवीत भरत होती. मी तिला विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"पुस्तिका दिलीस त्या संध्याकाळपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"मी बोलले असते तर तू नुसता पकडला गेला असतास," ती म्हणाली. मग पुढ्यातला पट मिटून माझ्या हातात दिला. "धर. जड आहे."

१३ एप्रिल, सोमवार

शुद्धिपत्र लिहिलं. लोकांच्या पुस्तकांसाठी शेकडो लिहिली, स्वतःचं पहिलंच. "पान १९ वर अनवधानाने छापला गेलेला व्हंपल हा शब्द इंग्रजी भाषेत नाही." ताईला दाखवलं. तिने पेन्सिल घेतली आणि 'अनवधानाने'वर रेघ मारली. मग 'छापला गेलेला' खोडून 'मी घातलेला' केलं. मी वाद घातला नाही. छापखान्यात नेऊन दिलं. छापखानेवाल्याने वाचलं आणि विचारलं, "ही कल्पना माझी होती हे नाही घातलंत?" त्याला नाव हवंय म्हणे. सगळ्या प्रतींमध्ये चिकटवायला टेलरबाईंनी त्यांची खळ देऊ केली आहे.

१९ एप्रिल, रविवार

उपांत्य सामना पुन्हा झाला. एकही चूक न करता खेळलो. टेलरबाईही तशाच. शेवटपर्यंत कधी त्या पुढे, कधी मी. सगळ्यात शेवटी त्यांनी पाच सोंगट्या मांडल्या. प्लॉर्व्ह.

मी असा शब्द कधी पाहिलेला नाही. पण छत्तीस वर्षांत न पाहिलेले शब्द ढीगभर असतील. टेलरबाई माझ्याकडे सरळ बघत होत्या, चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. या बाईवर मी एकदा हरकत घेतली होती आणि त्याचं काय झालं ते सगळ्या माडीला ठाऊक आहे. पुन्हा तोच हात वर करायचा? माझ्याच्याने होईना. पाठ केला असेल त्यांनी कुठूनतरी. मी मान डोलावली, गुण लिहिले, माझी शेवटची सोंगटी मांडली आणि नऊ गुणांनी हरलो. उठून त्यांचं अभिनंदन केलं, अगदी मनापासून.

त्या म्हणाल्या, "काका, तो शब्द कुठल्याच कोशात नाही. मी परवा पायजम्याला नाडी घालता घालता बनवला."

ताई खुर्चीची पाठ धरून इतकी हसली की ग्रंथपालबाईंनी तिला पाणी आणून दिलं. हरकतीची वेळ टळून गेली होती, खेळ नियमातच झाला होता. मला शेरास सव्वाशेर भेटली होती. मीही हसलो, आणि थोडा वेळ कोणाला दिसू नये म्हणून खिडकीकडे तोंड करून हसलो, कारण नुसतं हसूच येत होतं असं नाही.

मग वळून विचारलं, "बरं, अर्थ काय त्याचा?"

"अर्थाचं अजून बघितलं नाही," टेलरबाई म्हणाल्या. "ते तुम्ही करा. तुम्हाला सवय आहे."